शिंपल्याचं बटण

अर्धांगाचा झटका आल्यापासून काकांच्या तोंडी एकच शब्द उरला होता. बरं.

चहा देऊ? बरं. नको का? बरं. खिडकी उघडू का, तर बरं, आणि उघडलेली लावू का, तरी बरंच. भेटायला येणारी माणसं या शब्दाने फसत. "चांगलं कळतंय की हो त्यांना!" असं म्हणत समाधानाने जिना उतरत. काकू त्यांना दारापर्यंत पोचवून पुन्हा शिलाई मशीनवर येऊन बसत. आठ महिन्यांत त्या एका शब्दाच्या तऱ्हा त्यांनी कानाने वेगळ्या काढल्या होत्या. ओढून म्हटलेला बरं म्हणजे आणखी थोडं चालेल. तोडून म्हटलेला म्हणजे पाठ दुखतेय. आणि खिडकीकडे तोंड फिरवून म्हटलेला बरं म्हणजे नको. तू तुझं काम कर, मला माझ्यापाशी राहू दे.

हा तिसरा दिवसातून सगळ्यात जास्त वेळा ऐकू यायचा.

काकूंचं काम कपडे दुरुस्तीचं. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा कोट कमरेत सैल करायचा, कुणाचं अस्तर बदलायचं. खोली एकच, पण ऐसपैस. खिडकीशी काकांची खुर्ची, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात मशीन आणि भिंतीला टेकून पियानो. तीस वर्षं काका दिवसा या पियानोवर मुलांच्या शिकवण्या घेत आणि संध्याकाळी दोन गल्ल्या सोडून असलेल्या सभागृहात गायकवृंदाला साथ करत. काकूही शिवण घेऊन तिकडे जात. तिथल्या पियानोच्या डाव्या अंगाला त्यांचं एक बुटकं स्टूल ठरलेलं होतं. तिथे बसून त्यांनी किती बटणं लावली असतील आणि किती गाणी ऐकली असतील याची गणती नाही. पण सूर कोणता आणि काय, ते विचाराल तर काकू हसून म्हणणार, "मला बाई सुई-दोऱ्यातलं विचारा."

दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यात काकूंनी हौसेने पियानोचं झाकण उघडून दिलं होतं. काकांनी आधी मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. कुणाचं तरी पार्सल चुकून आपल्याकडे आलंय, असं. मग डाव्या हाताने झाकण खाली ओढलं, अगदी आवाज न करता. काकू समजल्या. त्या दिवसापासून त्यांनी एक नेम धरला. सकाळी आंघोळ झाली, देवाला हात जोडले, की पहिला टाका घालायच्या आधी मऊ फडक्याने ते झाकण पुसायचं. उघडायचं मात्र नाही. उघडतील ते उघडतील. आपण फक्त धूळ बसू द्यायची नाही. हे त्यांनी देवाला सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

गायकवृंदाचा वार्षिक कार्यक्रम रविवारी होता. त्यात काकांचं गाणं घ्यायचं ठरलं होतं. त्यांनी आयुष्यात रचलेलं एकुलतं एक गाणं. पहाटे कामाला निघालेली आई झोपलेल्या घराचं दार हळूच लोटून घेते, एवढाच त्याचा विषय. काका आठ महिने घराबाहेर पडले नव्हते. पण आपलं गाणं आहे म्हटल्यावर कदाचित येतील, या एका आशेवर काकू दिवस ढकलत होत्या.

आणि नेमकं ते गाणंच बसेना.

काकांच्या जागी एक तरुण बाई आली होती, संगीत शाळेत शिकवणारी. वाजवायची चोख, वेळेची तर इतकी पक्की की सगळे तिला लाडाने घड्याळबाई म्हणत. काकांच्या वहीत या गाण्याची चाल होती आणि वर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुडग्यांची, नावं. जिथे खालच्या आवाजांनी उचलायचं, तिथे लिहिलं होतं, डी मायनर सिक्स्थ. बाईने वाजवली. खालच्या आवाजात दोघे, बेकरीवाला आणि पोस्टमन. त्यांनी उचललं आणि दुसऱ्या ओळीला वरचे आवाज घसा फाटेस्तोवर चढून बसले. बाईने तीच कॉर्ड आणखी दोन तऱ्हांनी मांडून दिली. दर वेळी आणखी वर गेलं सगळं.

"अहो, तुमचा सूर कोणता ते सांगा ना मला," बाई म्हणाली.

"मला काय ठाऊक!" बेकरीवाला म्हणाला. "आम्हाला कागद वाचता येतो कुठे? काका सांगायचे, पियानोचा सगळ्यात खालचा सूर धरा आणि निघा. तू दर वेळी मला एकेक मजला वर चढवतेस, पोरी. मी तळघरातला माणूस."

"आणि तुम्ही?" तिने पोस्टमनला विचारलं.

"मी याच्या मागे जातो. हा खड्ड्यात, तर मी खड्ड्यात."

सगळे हसले. गायकवृंद चालवणारे मास्तर मात्र हसले नाहीत. तालीम संपल्यावर ते काकूंच्या स्टुलापाशी आले. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. रविवारी सुरू व्हायच्या आधी एकदा म्हणून बघू. नाही बसलं, तर दुसरं गाणं घ्यावं लागेल. लोकांसमोर त्यांच्या गाण्याची फजिती व्हावी असं मलाही वाटत नाही."

काकूंनी मान हलवली आणि सुई डबीत ठेवली. पण त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. सभागृहातल्या त्या पियानोची खालची एक पट्टी वर्षानुवर्षं अडकायची. दाबली की खालीच बसायची. काका घरी येऊन तिच्या नावाने बोटं मोडत. नवी बाई येणार म्हटल्यावर काकूंनीच मास्तरांच्या मागे लागून पियानो दुरुस्त करून घेतला होता. पोरीला त्रास नको म्हणून. आता त्यांना वाटायला लागलं, आपण दुरुस्तीच्या नावाखाली काहीतरी बिघडवून तर नाही ना ठेवलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळबाई घरी आली. "काकांना विचारून बघते," म्हणाली.

"विचार. पण उत्तर मी सांगून ठेवते," काकू म्हणाल्या.

तिने काकांसमोर वही धरली. "काका, ही कॉर्ड तुम्ही कशी वाजवायचात?"

"बरं," काका खिडकीकडे बघून म्हणाले.

बाई पियानोकडे वळली. तिचा हात झाकणावर जायच्या आत काकू उठल्या. "ते नको, पोरी. ते बंदच असू दे." हळूच म्हणाल्या, पण बाईने हात मागे घेतला आणि का ते विचारलं नाही. ते काकूंना आवडलं.

"बस इथे. मला सांग, ते मायनर सिक्स्थ म्हणजे आहे तरी काय? तीस वर्षं ऐकतेय, एकदा समजू तरी दे."

टेबलावर मापाची पट्टी उलगडून पडली होती. बाईने ती सरळ ताणली. काकांची खुर्ची टेबलाच्या त्याच टोकाला होती, पट्टीचं पितळी टोक त्यांच्या डाव्या हाताशी आलं.

"हे बघा काकू. एकेक इंच म्हणजे पियानोची एकेक पांढरी पट्टी समजा. एकवर सी, दोनवर डी, तीनवर ई, असं पुढे. चार बटणं द्या मला."

काकूंनी बटणांच्या डब्यातून चार काढली. तीन कोटाची, एक काळं, एक तपकिरी, एक करडं. चौथं हाताला आलं ते शिंपल्याचं, कुणाच्या तरी जुन्या सदऱ्याचं, जोडीदार हरवलेलं. बाईने काळं दोनवर ठेवलं, तपकिरी चारवर, करडं सहावर.

"डी, एफ, ए. ही झाली साधी डी मायनर. जरा उदास, पण घरंदाज. यांना धक्का नाही. आता डीपासून सहावा सूर मोजा. डी, ई, एफ, जी, ए, बी. सातव्या इंचावर." तिने शिंपल्याचं बटण सातवर ठेवलं. "ही सिक्स्थ."

काकूंनी चष्मा सारखा केला. "ही दोघं फार खेटून बसलीत. भांडतील."

"भांडतातच! म्हणून तर ती उदासी नुसती उदासी राहत नाही, जरा हलते. कानाला वाटतं, आता काहीतरी होणार." बाईला भरतं आलं. "आता गंमत बघा. सूर हेच चार. पण सगळ्यात खालचा उचलायचा आणि सगळ्यात वर ठेवायचा." काळं बटण दोनवरून निघून नऊवर गेलं. "चार, सहा, सात, नऊ. आता खाली तपकिरी. याला इन्व्हर्शन म्हणतात. पुन्हा एकदा." तपकिरी चारवरून अकरावर. "आता खाली करडं. पहिली बैठक आणि या दोन, काल मी तिन्ही वाजवून बघितल्या."

"माणसं तीच, बसायच्या जागा बदलल्या."

"अगदी! आणि खाली कोण बसलंय त्यावर सगळ्यांचा नूर ठरतो."

"होय की. घरात दाराशी कोण बसलंय त्यावर आत यायचं की नाही ते पाहुणा ठरवतो." काकूंनी बोटाने मोजलं. "पण बाई, बटणं चार. तीनच जणं खाली बसली. हे शिंपल्याचं कधी बसणार?"

"ते बसलं की कॉर्डचं नावच बदलतं. पुस्तकात ती बी हाफ डिमिनिश्ड होते. वेगळ्या धड्यात आहे ती. काकांनी तर स्वच्छ डी मायनर सिक्स्थ लिहिलंय." तिने बटणं पुन्हा पहिल्यासारखी लावली. दोन, चार, सहा, सात. "तिथेच तर माझं डोकं चालत नाही."

"चहा टाकते. डोकं चहाने चालतं," काकू म्हणाल्या, आणि दोघी गॅसपाशी गेल्या.

पातेलं चढवून काकू साखरेचा डबा शोधत होत्या, तेवढ्यात मागे टेबलावर काहीतरी घासल्यासारखा बारीक आवाज झाला. त्या वळल्या. काका खिडकीकडेच बघत होते. पण त्यांचा डावा हात टेबलावर होता, आणि त्या हाताच्या करंगळीखाली शिंपल्याचं बटण होतं. सातवर नव्हतं ते. सगळ्यांना ओलांडून, एक आकड्याच्याही अलीकडे, पट्टीच्या पितळी टोकावर आलं होतं.

काकूंनी बाईच्या मनगटाला हात लावला. दोघी बघत राहिल्या.

पितळी टोक, दोन, चार, सहा. काकूंच्या डोळ्यांनी ते आधी टिपलं. सदऱ्याच्या काजपट्टीसारखी चारी बटणं दोन-दोन इंचांवर, एका ओळीत. कोणी कोणाला खेटून नाही, कोणी कोणाशी भांडत नाही.

"बी," बाई पुटपुटली. "खाली बी! डीच्याही खाली. तळघर!" तिने कपाळावर हात मारून घेतला. "पुस्तकात नाव वेगळं, म्हणून मी तिकडे फिरकलेच नाही. काका, तुम्ही नाव जुनंच ठेवलंत आणि बैठक बदललीत."

"बरं," काका म्हणाले. हा ओढून म्हटलेला होता.

काकूंना मात्र कालची शंका आठवली. "पोरी, ती अडकणारी पट्टी कुठली गं होती?"

"दुरुस्त केलीत ती? खालची डी."

काकूंच्या ध्यानात आलं. म्हणजे तळाचा सूर पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो आणि डी एकदा दाबली की अडकायची, म्हणून यांनी तळाचं बोट तिच्याही खाली नेलं, आणि तीस वर्षं गाणं त्या वळणाने चाललं. आपण डी दुरुस्त केली, पोरीने सरळपणे ती वाजवली, आणि वाट मोडली. त्यांनी सगळं सांगून टाकलं. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "अहो, पट्टी अडकायची म्हणून का हो बी घेतलीत?"

"बरं."

"की तुम्हाला आवडलीच तशी?"

"बरं."

बाईला हसू फुटलं. काकूही हसल्या, डोळे पुसत. चहा उतू गेला तो गेलाच.

त्या संध्याकाळी बाईने बेकरीवाल्याला आणि पोस्टमनला बोलावून खाली बी घेऊन कॉर्ड वाजवली. सूर सापडला. तरीही घोडं अडलंच. दोघे अर्धा शब्द उशिरा उचलत.

"काका तो खालचा सूर आधी एकटा द्यायचे," बेकरीवाला म्हणाला. "मग वरचे तीन. तू चौघांना एकदम आणतेस, दारात गर्दी होते."

"किती आधी?"

"घड्याळ लावून बसलो होतो का मी? श्वास भरून होईल इतकं."

तिने एक मोजून पाहिलं, दोन मोजून पाहिलं. कधी लवकर, कधी उशीर. घड्याळबाईला पहिल्यांदाच वेळ सापडेना.

शनिवारी काकूंनी काकांचा राखाडी कोट बाहेर काढला. डाव्या बाहीच्या कफाचं बटण कधीचं गळालं होतं. डब्यात जुळणारं सापडलं असतं. काकूंनी ते शिंपल्याचंच लावलं, काकांच्या समोर बसून, दोरा चार वेळा फिरवून. रविवारी येणार का, ते विचारलं नाही. काका दोऱ्याकडे बघत होते.

रविवारी दुपारी त्या कोट घेऊन उभ्या राहिल्या. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी शिकवलं होतं, कपडे घालताना दुबळा हात आधी. रोज तसंच व्हायचं. आज काकांनी डावा हात आधी पुढे केला आणि बाहीत घुसवलाही. मग उजवा काही केल्या जाईना. कोट पाठीवर गोळा झाला, दोघांची झटापट झाली, सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून घालावं लागलं. काकू धापा टाकत म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी एवढी घाई नव्हती केलीत."

दोन गल्ल्यांना अर्धा तास लागला. सभागृहात शिरल्यावर सगळे उभे राहिले. बेकरीवाला म्हणाला, "या काका. तळघर रिकामं आहे." काका पुढच्या रांगेत बसले. काकूंनी आपलं स्टूल घेतलं.

गाणं सुरू झालं. ती जागा आली. बी, मग वरचे तीन, आणि दोघे खालचे पुन्हा अडखळले. मास्तरांनी हात खाली घेतला. लोक यायला पाऊण तास होता.

घड्याळबाई बाकावर उजवीकडे सरकली. डावीकडे एका माणसापुरती जागा झाली. "काका," ती म्हणाली, "वरचे तीन मी बघते. खालचा एकटा मला धरवत नाहीये. तेवढा तुम्ही धराल?"

काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "बरं."

"वा!" मास्तर म्हणाले. बेकरीवाला धावत त्यांना उठवायला गेला, पोस्टमनने काठी उचलली. सगळ्यांचे चेहरे फुलले होते.

"थांबा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "नको म्हणालेत ते."

बेकरीवाल्याचा हात जागच्या जागी राहिला. पोस्टमनने काठी पुन्हा खाली ठेवली. काकूंना ठाऊक होतं, आपण आत्ता गाण्यावर पाणी सोडलं. पण आठ महिने ज्याचा शब्द ज्याने त्याने आपल्या सोयीने घेतला, त्याचं नको एकदा तरी नको म्हणून कुणी ऐकायला हवं होतं. त्यांनी मनात देवाचं नाव घेतलं आणि डबीतून सुई काढली.

काकांनी तोंड वळवून बायकोकडे पाहिलं. मग डावा हात पुढच्या कठड्यावर ठेवला, जोर लावला आणि आपले आपण उभे राहिले. कुणी पुढे झालं नाही. काकूंचा चेहरा बघून कुणाची हिंमतच झाली नाही. सात-आठ पावलं. बाकावर बसताना त्यांचा उजवा हात लोंबत राहिला. तो त्यांनी डाव्याने उचलून मांडीवर नीट ठेवला.

मास्तरांनी खूण केली. ती जागा आली. शिंपल्याचं बटण चमकलं, करंगळी खाली गेली, आणि एकटा बी घुमला, जाड आणि गोल. बाईने मोजलं नाही. ती त्या करंगळीकडे बघत होती. बेकरीवाल्याची छाती भरली, पोस्टमनची भरली, आणि तेवढ्यात बाईने वरचे तीन सूर त्यावर अलगद ठेवले. दोघांनी उचललं. खालून, अगदी तळातून. वरचे आवाज त्यांच्यावर येऊन टेकले आणि कुणालाच ओरडावं लागलं नाही.

गाणं संपल्यावर मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "यादीत काही बदल नाही." काकू खाली बघत होत्या. सुईत दोरा ओवायचाच राहिला होता.

सोमवारी सकाळी देवाला हात जोडून, फडकं घेऊन काकू पियानोपाशी आल्या, तर पुसायला झाकणच नव्हतं. ते वर होतं. आठ महिन्यांचा नेम मोडला, आणि त्यांना त्याचं जराही वाईट वाटलं नाही. काका बाकावर डावीकडे बसले होते. उजवीकडे जागा सोडलेली होती.

त्यांनी करंगळीने बी दाबली आणि हनुवटीने वरच्या पट्ट्या दाखवल्या.

"मी?" काकू म्हणाल्या. "अहो, मला कुठे येतंय!"

"बरं," काका म्हणाले. हा कुठला बरं, ते काकूंना चटकन ओळखता आलं नाही. नवाच होता.

त्या बसल्या. इंचाला थोड्या कमीच होत्या त्या पट्ट्या. यांच्या बोटापासून एक सोडून काळं, एक सोडून तपकिरी, एक सोडून करडं. सुईने टोचून राठ झालेली तीन बोटं त्यांनी नीट अंतर धरून ठेवली, श्वास भरून झाला, आणि दाबली.